अठराव्या वर्षीचा करार

२००८ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेतल्या वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर एका मुलाची बातमी मोठ्या अक्षरांत छापून आली. ब्रँडन जेनिंग्ज त्याचे नाव, वय अठरा. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टन या गावचा. हे गाव गुन्हेगारीमुळे बदनाम झालेले. मुलगा लहान असतानाच बाप गेला आणि आईने दोन मुलांना एकटीने वाढवले. पोरगा बास्केटबॉल असा खेळायचा की देशभरच्या महाविद्यालयांचे प्रशिक्षक त्याच्या मागे लागले होते. ॲरिझोना विद्यापीठाकडून खेळायचे, असे ठरल्यासारखे होते. फक्त प्रवेशपरीक्षेच्या गुणांवरून जरा खळखळ चालली होती. आणि एके दिवशी त्याने जाहीर केले की आपण महाविद्यालयात जाणारच नाही, इटलीत रोमच्या व्यावसायिक संघाकडून पगार घेऊन खेळणार. आई आणि धाकटा भाऊ यांना बरोबर घेऊन तो रोमला गेला.

आपल्याला यात नवल वाटणार नाही. मुलगा परदेशी नोकरीला लागला, आई-भावाला सोबत नेले. आपल्याकडे अशा घरी पेढे वाटतात. अमेरिकेत मात्र मोठा वाद उठला. शिक्षणावर पाणी सोडले म्हणून काहींनी गळा काढला, तर काहींनी बरी खोड मोडली म्हणून टाळ्या पिटल्या. या गदारोळाचे कारण कळायचे तर त्या देशातला एक नियम आधी समजून घ्यायला हवा. मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत कर्जाची कागदपत्रे वाचण्यात घालवली आहेत, त्यामुळे कोणताही नियम पुढे आला की तो कोणाच्या सोयीसाठी केला असावा, हेच मी प्रथम पाहतो.

अमेरिकेत बास्केटबॉलचा सर्वांत मोठा व्यावसायिक संघटित खेळ म्हणजे ‘एनबीए’. तिथे नव्या खेळाडूंची दरवर्षी जून महिन्यात निवड होते. संघ ठरलेल्या क्रमाने एकेक मुलगा उचलतात. या निवडीत उतरायला काय पात्रता हवी, हे वेळोवेळी बदलत गेले. पूर्वी तर शाळा सुटून चार वर्षे झाल्याखेरीज तिथे पाऊलच टाकता येत नसे. स्पेन्सर हेवूड नावाच्या खेळाडूने याविरुद्ध दावा लावला. मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतात मजुरी करून दहा मुले वाढवणाऱ्या बाईचा हा मुलगा. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला आणि दार किलकिले झाले. पण दार उघडतानाही संघटनेने एक अट घातली: चार वर्षे थांबायचे नसेल तर घरची परिस्थिती हलाखीची असल्याचे दाखवून द्या. म्हणजे सव्वासहा-साडेसहा फुटांच्या धिप्पाड मुलाने दारिद्र्याचा दाखला आणायचा आणि मग चेंडू हातात घ्यायचा! ही अट १९७६ पर्यंत होती. आपल्याकडे फीमाफीसाठी मामलेदार कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला यातली बोच निराळी सांगायला नको.

पुढे १९९५ साली केविन गार्नेट हा शिकागोच्या शाळेतला मुलगा थेट एनबीएत गेला. वीस वर्षांत असे कोणी केले नव्हते. १९९६ साली कोबी ब्रायंट, २००३ साली लेब्रॉन जेम्स. ही नावे बास्केटबॉल न पाहणाऱ्यांनाही ठाऊक असतात. लेनी कुक हे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते. २००१ च्या उन्हाळ्यापर्यंत न्यूयॉर्कचा हा मुलगा देशातल्या शाळकरी खेळाडूंत लेब्रॉनच्याही वर मानला जात होता. २००२ साली त्याने एजंट नेमून निवडीसाठी नाव दिले. एकोणतीस संघांपैकी एकानेही त्याला उचलले नाही. एजंट नेमल्यामुळे महाविद्यालयाचेही दार बंद झालेले. मग तो फिलिपाईन्स, चीन असा जिथे मिळेल तिथे खेळत राहिला. त्याच्यावर २०१३ साली एक माहितीपट निघाला. ज्यांच्या घरात खेळणारे मूल आहे त्यांनी तो मिळवून पाहावा.

अशा उदाहरणांचा दाखला देत २००५ साली एनबीएने खेळाडूंच्या संघटनेशी नवा करार केला: मुलगा एकोणीस वर्षांचा हवा आणि अमेरिकन असेल तर शाळा सुटून एक वर्ष झालेले हवे. कारण सांगितले गेले ते मुलांच्या हिताचे. हित असेलही. पण कागद उलटून पाहिला तर दिसते की या एका वर्षात संघमालकांना माल पारखायला बारा महिने मिळाले, आणि महाविद्यालयांना देशातले सर्वोत्तम खेळाडू वर्षभर विनापगार मिळाले. कारण महाविद्यालयीन खेळ हा ‘हौशी’ खेळ. खेळाडूला फी माफ, राहणे-जेवण, पुस्तके मिळणार. पगार नाही, जाहिरातीचे पैसे नाहीत, कोणा चाहत्याने दिलेला बूटजोडही नाही.

खेळाडू हौशी, बाकी सगळा बाजार! महाविद्यालयांच्या वार्षिक राष्ट्रीय स्पर्धेचे नुसते दूरचित्रवाणी हक्क २०१० साली चौदा वर्षांसाठी दहा अब्ज ऐंशी कोटी डॉलरांना विकले गेले. प्रशिक्षकांचे पगार वर्षाला लाखो डॉलरांचे. आणि एप्रिल २०१४ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाला विजेतेपद मिळवून देणारा शबाझ नेपियर वार्ताहरांना सांगत होता की काही रात्री आपण उपाशीपोटी झोपतो. भोजनगृहाच्या वेळा ठरलेल्या, सराव संपेतो ते बंद, आणि खिशात पैसे नाहीत. त्याच्या या बोलण्याची इतकी लाज वाटली की थोड्याच दिवसांत खेळाडूंना हवे तितके जेवण देण्याचा नियम संमत झाला. वसतिगृहातल्या मुलाची भूक ही आपल्या साहित्यातली जुनी गोष्ट आहे. ती अब्जावधींच्या उलाढालीच्या मधोमध भेटेल असे मला वाटले नव्हते.

अशा वेळी जेनिंग्जच्या लक्षात आलेली गोष्ट अगदी साधी होती. नियमात ‘एक वर्ष थांबा’ एवढेच लिहिले आहे. ते वर्ष महाविद्यालयातच काढा असे कुठेही म्हटलेले नाही. ही फट त्याला दाखवणारा माणूस होता सनी व्हकारो, बूट-कंपन्यांमधून हयात घालवलेला. मायकेल जॉर्डनला १९८४ साली नायकीकडे आणण्यात ज्यांचा हात होता त्यांतला हा एक. रोमचा पगार आणि एका बूट-कंपनीचा करार मिळून पोराच्या पदरी दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम पडणार होती. युरोपात क्लबचे पगार बहुधा कर वजा जाता सांगितले जातात आणि वर घर व गाडी क्लब देतो, हेही लक्षात घ्यायचे.

मग रोमला काय झाले? झाले असे की त्याला बाकावर बसावे लागले. हे कोणी दुष्टपणाने केले असे नाही. आपल्या कल्पनेतला खेळाडू शाळेकडून, मग महाविद्यालयाकडून खेळत वर चढतो. युरोपात शाळेचा आणि खेळाचा असा संबंधच नाही. तिथे क्लब बारा-तेरा वर्षांची पोरे घेऊन वाढवतात. लुका डॉन्चिच हा स्लोव्हेनियाचा मुलगा तेराव्या वर्षी घर सोडून माद्रिदला आला, सोळाव्या वर्षी मोठ्या संघातून उतरला आणि एकोणिसाव्या वर्षी युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. क्लबने असा हातचा वाढवलेला मुलगा निराळा आणि पैसे मोजून परदेशाहून आणलेला खेळाडू निराळा. परदेशी खेळाडूंची संख्या मर्यादित असते. ती जागा ज्याला द्यायची त्याने आजचा सामना आजच जिंकून द्यावा ही अपेक्षा. त्यात खालच्या क्रमांकाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो. दोन-चार सामने हरले की प्रशिक्षकाची नोकरी जाते. अशा माणसाने अठरा वर्षांच्या परक्या मुलाला शिकवत बसावे कशासाठी? चाळीस मिनिटांच्या सामन्यात जेनिंग्जला सरासरी सतरा मिनिटे मिळाली आणि गुण साडेपाच. कधी पूर्ण सामना बाकावर. पगार वेळेवर येत नाही, अशी तक्रारही त्याने अमेरिकेतल्या पत्रकाराला कळवली.

पगार वेळेवर न येणे हे परदेशी बास्केटबॉलमधले जुने दुखणे आहे. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाला २००७ साली खेळाडू, एजंट आणि क्लब यांच्यातल्या तंट्यांसाठी जिनिव्हात एक लवाद उभारावा लागला, यावरून काय ते समजा. करारावरचा आकडा आणि खात्यावर जमा झालेला आकडा यांत अंतर असते हे आम्हा बँकवाल्यांना कोणी शिकवावे लागत नाही. पण अठरा वर्षांच्या मुलाला ते अंतर दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत, सरावाहून आल्यावर रात्री मोजावे लागते.

एवढे होऊनही त्याचे वाईट झाले नाही. २००९ च्या जूनमध्ये मिलवॉकीच्या संघाने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, एनबीएतल्या कारकिर्दीला दोनच आठवडे झालेले असताना, त्याने एका सामन्यात पंचावन्न गुण केले, आणि पहिल्या पावभागात त्याचा एकही गुण नव्हता. रोमच्या बाकावर बसून दमदार, अनुभवी गड्यांशी रोज सराव केल्याचा हा फायदा, असे त्याचे पाठीराखे म्हणाले. महाविद्यालयात गेला असता तर याहून वरच्या क्रमांकावर गेला असता, असे टीकाकार म्हणाले. दोघांनाही ताळा करून दाखवता येणार नाही, कारण त्या मुलाला ते वर्ष एकदाच मिळाले होते.

जेनिंग्जच्या पाठोपाठ निघालेल्या दुसऱ्या मुलाची हकीकत मात्र मला बेचैन करते. सॅन डिएगोचा जेरेमी टायलर. उंची सात फुटांना इंचभर कमी, वय सतरा. त्याने तर शाळेचे शेवटचे वर्षही सोडले आणि २००९ साली इस्रायलमध्ये हैफाच्या क्लबशी एक लाख चाळीस हजार डॉलरांचा करार केला. तिथे त्याचे बस्तान बसले नाही. अठरा वर्षांचा मुलगा घरापासून हजारो मैलांवर, संघातले सोबती तिशीचे, लेकुरवाळे. सराव संपला की ते आपापल्या घरी जाणार आणि हा रिकाम्या घरात. मार्च २०१० मध्ये मोसम पुरा व्हायच्या आत तो परतला. पुढच्या वर्षी टोकियोच्या संघाकडे गेला, तिथे चांगला खेळू लागला, तोच ११ मार्च २०११ चा भूकंप आणि त्सुनामी. त्या संघाचा मोसम तिथेच संपला. त्या जूनमध्ये त्याची निवड झाली, पण एकोणचाळिसाव्या क्रमांकावर, आणि एनबीएत तो थोडाच काळ टिकला. भूकंपाला कोणी जबाबदार नाही, पण शाळेचे शेवटचे वर्ष सोडण्याचा सल्ला देणाऱ्या मोठ्या माणसांना मी इतक्या सहज सोडणार नाही. त्या एका वर्षाने त्यांचे काय अडणार होते?

इमॅन्युएल मुडिए याची गोष्ट वाचताना मात्र मी कोणाला बोल लावू शकलो नाही. जन्म काँगोतल्या किन्शासाचा. तिथल्या यादवीतून आई तीन मुलांना घेऊन टेक्ससला आली. मुडिएला घरच्याच गावाजवळचे विद्यापीठ मिळाले होते, प्रशिक्षकही नामांकित. २०१४ च्या उन्हाळ्यात तो ते सोडून चीनमधल्या ग्वांगडाँगच्या संघाकडे बारा लाख डॉलरांवर गेला. आईचे कष्ट बघवत नाहीत, असे कारण त्याने दिले. घोटा दुखावल्यामुळे तिथे डझनभरच सामने खेळला. तरी २०१५ च्या निवडीत सातवा आला. घोटा जरा जास्त दुखावला असता तर? तरीही आईचे घर झाले असते. माझ्यातला कर्ज-अधिकारी म्हणतो की ज्याचे तारण एक घोटा आहे त्याने पहिला हप्ता आधी वसूल करावा.

हा विचार अमेरिकेत सर्वांच्या मनात लख्ख उमटला तो २० फेब्रुवारी २०१९ च्या रात्री. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना या हाडवैरी विद्यापीठांचा सामना. तिकिटे हजारो डॉलरांना गेलेली, प्रेक्षकांत माजी राष्ट्राध्यक्ष ओबामा. सामना सुरू होऊन मिनिटही झाले नव्हते तोच ड्यूकच्या झायन विल्यमसनचा बूट फाटून दोन तुकडे झाले आणि तो गुडघा धरून खाली बसला. तिकिटाचे पैसे विद्यापीठाचे, बुटाच्या जाहिरातीचे पैसे विद्यापीठाचे, गुडघा तेवढा त्याचा. सुदैवाने दुखापत किरकोळ निघाली आणि जूनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला.

आपल्याकडे हा पेच वेगळ्या तऱ्हेने सुटत आला आहे. मुंबईत नागपाड्याच्या मस्तान वायएमसीएच्या मैदानाने देशाला कितीतरी बास्केटबॉलपटू दिले. १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळालेले भारताचे कर्णधार अब्बास मुन्तसिर तिथलेच. त्या गल्ल्यांतल्या मुलाला चेंडूने मिळवून द्यायची ती रेल्वेतली किंवा बँकेतली नोकरी. आमच्या एका शाखेत असा उंच गडी कारकून होता. सकाळी काउंटर, दुपारनंतर सराव, स्पर्धा असली की खास रजा. बढतीच्या परीक्षेला तो कधी बसला नाही, पण गुडघे गेल्यावरही त्याचा पगार थांबला नाही, आणि आता पेन्शन थांबत नाही. त्याच्या खेळाने त्याला श्रीमंत केले नाही आणि रस्त्यावरही आणले नाही. अमेरिकन मुलापुढे हा तिसरा पर्याय कधीच नसतो.

आपल्याच देशातला एक मुलगा मात्र थेट त्या अमेरिकन पेचात सापडला. पंजाबातल्या बल्लो के गावच्या शेतकऱ्याचा मुलगा सतनाम सिंग भामरा. लुधियानाच्या अकादमीतून २०१० साली, चौदाव्या वर्षी, तो फ्लोरिडाला शिष्यवृत्तीवर गेला. सात फूट दोन इंच. इंग्रजी तिथे जाऊन शिकला, पण महाविद्यालयीन खेळासाठी लागणारी शैक्षणिक पात्रता जमली नाही. तेव्हा त्याने २०१५ च्या निवडीत नाव दिले आणि डॅलसने त्याला बावन्नाव्या क्रमांकावर घेतले. एनबीए संघाने निवडलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. गावात ढोल वाजले. पण मुख्य स्पर्धेतला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. डॅलसच्या दुय्यम संघात दोन वर्षे, पुढे कॅनडा. महाविद्यालयाची तीन-चार वर्षे मिळाली असती तर त्या उंचीला खेळ शिकायला वेळ मिळाला असता, असे मला राहून राहून वाटते. ज्यांचा खेळ अठराव्या वर्षीच तयार असतो ते थोडे. बाकीच्यांना वेळ हवा असतो, आणि तो वेळ महाविद्यालय देत असे.

यानंतर चक्र फिरले. ऑस्ट्रेलियाच्या लीगने २०१८ मध्ये अशा मुलांसाठी खास योजना काढली. त्यातून लामेलो बॉल २०१९ साली वुलाँगाँगला गेला. या मुलाच्या नावाचा बूट तो सोळा वर्षांचा व्हायच्या सुमारास बापाने बाजारात आणलेला, त्यामुळे ‘हौशी’ म्हणवून घेण्याची सोयच उरली नव्हती. तिथे वणवे पेटले तेव्हा त्याने महिन्याचा पगार देऊ केला. पायाच्या दुखापतीमुळे बाराच सामने खेळला, तरी २०२० साली तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. मुले परदेशी चाललेली पाहून एनबीएनेच २०२० मध्ये घरच्या घरी पगारी संघ काढला; तो २०२४ मध्ये बंदही केला. कारण तोपर्यंत महाविद्यालयेच बदलली होती.

२१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी महाविद्यालयीन संघटनेला फटकारले. १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले. आणि ६ जून २०२५ रोजी मंजूर झालेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. सर्व खेळ मिळून पहिल्या वर्षी एका विद्यापीठाची मर्यादा दोन कोटी पाच लाख डॉलर. म्हणजे ज्या पैशासाठी जेनिंग्ज रोमला गेला तो आता ॲरिझोनातच मिळतो. प्रवाह उलटा झाला आहे. रेआल माद्रिदच्या हाताखाली तयार झालेला येगोर द्योमिन युटाच्या विद्यापीठात आला, बार्सेलोनात वाढलेला कास्पारास याकुचोनिस इलिनॉयला आला. २०२५ च्या निवडीत दोघेही पहिल्या विसात होते. आम्ही पोरे वाढवायची आणि तुम्ही उचलून न्यायची, अशी तक्रार आता युरोपचे क्लब करतात. यातला एक विनोद आपल्या घरांना कळेल. परदेशी मुले येतात ती एफ-वन व्हिसावर, म्हणजे ज्यावर आपली नातवंडे एम.एस.ला जातात आणि आठवड्याला वीस तास ग्रंथालयात काम करतात. बाहेर कमाई करायला त्या व्हिसावर कडक बंधने. त्यामुळे शेजारचा अमेरिकन खेळाडू जाहिरात करून मोकळा होतो आणि परदेशी खेळाडूला आधी वकील गाठावा लागतो.

पैशाचा प्रश्न असा बराचसा सुटला. शिक्षणाचा सुटला का? एका वर्षाचा विद्यार्थी सप्टेंबरात येतो, नोव्हेंबर ते एप्रिल खेळतो आणि जूनमध्ये निघून जातो. त्याने काय शिकले, हे विचारायला कोणाला सवड नसते. आता तर दरवर्षी अधिक बोली लावणाऱ्या विद्यापीठाकडे जाण्याची मुभा झाली आहे. मुलाला पैसे मिळावेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जो कमावून देतो त्याला वाटा मिळालाच पाहिजे. पण त्या कराराखाली आता मुलाची, आईची आणि एजंटची सही असते, आणि चौथे कोणी, ज्याला त्यातून काही मिळायचे नाही असे, त्या टेबलाशी नसते. पूर्वी गावात मुलगा मुंबईला निघाला की एखादे मास्तर किंवा पोस्टमास्तर कागद वाचून दाखवीत, ती खुर्ची रिकामी आहे.

पदवीची ओढ असलेले खेळाडूही होऊन गेले. टिम डंकनची आई तो चौदा वर्षांचा व्हायच्या आधीच कर्करोगाने गेली. पदवी घेईन असे तिला दिलेले वचन पाळायला तो वेक फॉरेस्ट विद्यापीठात पुरी चार वर्षे राहिला. लाखो डॉलर त्याची वाट पाहत होते तरी. १९९७ साली मानसशास्त्राची पदवी घेऊन मगच तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला.

आणि व्हिन्स कार्टर. तिसऱ्या वर्षानंतर विद्यापीठ सोडून तो व्यावसायिक झाला, पण उन्हाळ्यांत जाऊन उरलेले विषय पुरे करीत राहिला. त्याची आई शिक्षिका. २० मे २००१ रोजी नॉर्थ कॅरोलिनात पदवीदान होते आणि त्याच दिवशी फिलाडेल्फियाला त्याच्या टोरांटो संघाचा बाद फेरीतला सातवा, निर्णायक सामना. कार्टर सकाळी झगा-टोपी घालून समारंभाला गेला आणि तिथून विमानाने सामन्याला पोहोचला. शेवटच्या दोन सेकंदांत एका गुणाने मागे असताना चेंडू त्याच्याच हातात आला. त्याने मारलेला चेंडू कड्यावर आपटून बाहेर गेला. टोरांटोचा संघ ८८-८७ असा हरला. सकाळचा समारंभ कशाला हवा होता, असे पुढे कित्येक वर्षे त्याला विचारले गेले. पुन्हा वेळ आली तरी आपण हेच करू, असे तो दर वेळी सांगत आला आहे.